शिकण्यापुरता परवाना

नवघर रोडवरच्या औद्योगिक गाळ्यांत संगणकाची कामं करणारी पोरं मला एक प्रश्न वारंवार विचारतात. "सर, कंपनीच्या साइटवरून डेटाबेस फुकट उतरवून घेतलाय. त्यावर शिकतोय, एक छोटं ॲप्लिकेशन पण लिहितोय. ही चोरी झाली का?" मी मीरा रोडला नया नगरात राहतो, संध्याकाळी मुलांना डेटाबेस शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच दारात येणार. पण त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. कारण ते उत्तर गेल्या पन्नासेक वर्षांत अनेकदा बदललं आहे, आणि त्या बदलांचा आपल्या मुंबईच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

आधी मुद्दा नीट समजून घेऊ. दुकानदाराकडे पूर्वी दोन वह्या असत, कच्ची आणि पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, आकडा चुकला तर कुणाचं नुकसान होत नाही. पक्की वही म्हणजे धंदा. सॉफ्टवेअरच्या जगातही हेच आहे. बँकेचे, रेल्वेचे, रुग्णालयाचे खरे व्यवहार ज्या डेटाबेसवर चालतात त्याला प्रॉडक्शन म्हणतात, ती पक्की वही. नवा प्रोग्राम आधी दुसऱ्या एका डेटाबेसवर लिहिला जातो, मोडून-तोडून तपासला जातो. तो डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगचा डेटाबेस, म्हणजे कच्ची वही. सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच असतं. प्रश्न असा, की कच्च्या वहीसाठीही पक्क्या वहीइतकेच पैसे मोजायचे का? आणि ज्याच्याकडे पक्की वही नाहीच, जो अजून फक्त शिकतो आहे, त्याने काय करायचं?

परवाना हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ लेखी हुकूम. उर्दूत त्याचा दुसरा अर्थ आहे दिव्यावर झेप घेणारा पतंग. लायसन्सच्या चाळीस-चाळीस पानांशी झुंजणारी पोरं पाहिली की मला हा दुसरा अर्थच जास्त बरोबर वाटतो. नवघर-भाईंदरच्या मातीला परवाना तसा नवा नाही. ही मिठागरांची आणि खाजणांची जमीन. इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता आणि मीठ पिकवण्यावर परवान्याचा पहारा. तो कर १ एप्रिल १९४७ पासून उठला. स्वातंत्र्यानंतर दहा एकरांपर्यंतच्या मिठागरांना परवान्यातूनही सूट मिळाली. मोठ्याने परवाना घ्यावा, लहानाने आपलं पिकवावं, असा तो व्यवहार. सॉफ्टवेअर कंपन्यांना हे शहाणपण सुचायला बरीच वर्षं लागली.

१९६९ च्या आधी सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हती. आयबीएमचं यंत्र भाड्याने घेतलं की त्यासोबत प्रोग्राम यायचे, जसं शिलाई मशीनसोबत तेलाची कुपी यायची. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केलं, की यापुढे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगवेगळी आकारली जाईल. सॉफ्टवेअरचा धंदा खऱ्या अर्थाने या दिवशी जन्मला असं म्हटलं तर वावगं होणार नाही. पण हे प्रोग्राम विकले जात नव्हते. ग्राहकाला मिळत होती ती वापरण्याची परवानगी. घेणारा मालक नव्हे, तर कूळ झाला. पुढच्याच वर्षी, जून १९७० मध्ये, आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतो त्याचा पाया तो. गंमत अशी, की आयबीएम स्वतः या कल्पनेवर वेळ काढत राहिली आणि १९७७ साली सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीने १९७९ मध्ये तिचा माल बाजारात आणला. तिचं आजचं नाव ऑरेकल.

या सगळ्यात आपण कुठे होतो? मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली सुरू झाली होती आणि तिची धुरा फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. १९७४ मध्ये टीसीएसने बरोज कंपनीचं यंत्र आयात केलं. त्या काळी यंत्र आणायला सरकारचा आयात परवाना लागे, परकीय चलन लागे, आणि बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून ते चलन परत कमावून देण्याची हमी द्यावी लागे. म्हणजे परवाना होता, पण तो सॉफ्टवेअर कंपनीचा नव्हे, दिल्लीचा. त्याआधी एक वर्ष, १९७३ मध्ये, अंधेरीला सीप्झ उभं राहिलं होतं. फेरा कायद्यातल्या भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने १९७८ मध्ये आयबीएम देशातून निघून गेली आणि तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली.

टीसीएसच्या त्या यंत्राकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. प्रोग्राम लिहिले जात होते मुंबईत, ते चालणार होते अमेरिकेतल्या ग्राहकाच्या यंत्रावर. चुंबकीय टेप विमानाने जायच्या-यायच्या. म्हणजे कच्ची वही इथे आणि पक्की वही तिथे. भारताचा सगळा सॉफ्टवेअर उद्योग हा जगाची कच्ची वही म्हणूनच उभा राहिला आहे. विरारहून अंधेरीला लोकलला लटकत जाणारी आपली हजारो मुलंमुली आयुष्यभर ज्या डेटाबेसवर काम करतात, त्यांतले बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी धंद्याचे चाचणीचे डेटाबेस असतात. म्हणून चाचणीच्या परवान्याचा प्रश्न ही वकिलांची किचकट बारीकसारीक बाब आहे, असं समजून आपल्याला पुढे जाता येणार नाही. तो आपल्या रोजीरोटीच्या जागेचा प्रश्न आहे.

वायटूकेच्या वेळी हे फार ठळक दिसलं. १९९८-९९ मध्ये जुने कोबोल प्रोग्राम तपासायचे होते. त्यासाठी स्वतंत्र यंत्रावर घड्याळ पुढे ढकलून २००० साल आणायचं आणि काय मोडतं ते पाहायचं. तेव्हा लक्षात आलं, की घड्याळ पुढे नेलं की मुदतीचे परवाने असलेली काही सॉफ्टवेअरं बंदच पडतात. त्यांच्या लेखी परवाना संपलेला! बिघाड शोधायला निघालेल्याला आधी परवान्याची भिंत ओलांडावी लागत होती. परवाना लिहिणाऱ्याच्या डोक्यात चाचणी नावाची खोली कधी नव्हतीच, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

लहान माणसाचा इतिहास मात्र सीप्झमधून जात नाही, तो लॅमिंग्टन रोडवरून जातो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गाळ्यागाळ्यांतून वाढले. १९८५ साली नगरपालिका झाली तेव्हा नवघरची ग्रामपंचायत तिच्यात विरली, २००२ मध्ये महानगरपालिका आली. या काळात गाळ्यांतले हिशेब हळूहळू संगणकावर गेले, ते आधी डीबेसवर आणि मग फॉक्सप्रोवर. फ्लॉपी एक आणि संगणक पाच, अशी सर्रास रीत होती. कंपन्यांनी यावर उपाय म्हणून प्रिंटरच्या जागी बसवायचं कुलूप काढलं. ते असेल तरच प्रोग्राम चाले. पण शिकणाऱ्याने कुठून शिकायचं, याला उत्तर नव्हतं. महिन्याचा पगार ओतूनही जो डेटाबेस विकत घेता आला नसता, तो शिकल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय तो कायदेशीर हाताला लागत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या स्वस्त सीडीने हा पेच सोडवला, असं प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. मी त्याचं समर्थन करत नाही. पण एका पिढीचं संगणक शिक्षण त्या फुटपाथवर झालं, हेही इतिहासातून खोडता येणार नाही.

कायदा या काळात कडक होत गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली संगणक प्रोग्रामला 'साहित्यकृती'त जागा मिळाली. कादंबरी आणि फॉक्सप्रो कायद्याने एकाच पंक्तीला बसले! १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ मध्ये अमलात आली आणि तिने कलम ६३-ब आणलं. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. त्याच दशकात नॅसकॉमने चाचेगिरीविरोधी मोहीम चालवली, धाडी पडू लागल्या.

मात्र याच कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कलम ५२ मध्ये नवी पोटकलमं आली. कायदेशीर प्रत हातात असलेल्याने प्रोग्रामचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करून त्यामागची तत्त्वं समजून घेतली, तर ते उल्लंघन नाही. कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीची वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरासाठी नक्कल केली, तर तेही उल्लंघन नाही. संसदेने 'अभ्यास' आणि 'चाचणी' हे शब्द कायद्यात लिहिले ही साधी गोष्ट नाही. अर्थात दोन्हीकडे अट एकच, मूळ प्रत सरळ मार्गाने आलेली हवी. फुटपाथवरच्या सीडीला या खिडकीतून आत येता येत नाही.

सरळ मार्ग खुला केला तो इंटरनेटने. २००० च्या आसपास ऑरेकलने आपला डेटाबेस संकेतस्थळावरून उतरवून घेऊ द्यायला सुरुवात केली. सोबतच्या परवान्याचा आशय असा, की आपलं ॲप्लिकेशन घडवा, तपासा, नमुना बनवा, दाखवा, बाकी काही करू नका. नवघरच्या पोरासाठी हे मोठं दार होतं. पण दाराला उंबरे होते. एक उंबरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तुमचं ॲप्लिकेशन एकदा का धंद्यात वापरात आलं, की त्याच ॲप्लिकेशनवर त्या फुकट परवान्याखाली पुढचं कामही करता येत नाही. नुसती पक्की वही विकत घेऊन भागत नाही, कच्चीचेही पैसे सुरू होतात. दुसरा उंबरा माझ्यासारख्यांसाठी होता. ही प्रत तिसऱ्याला प्रशिक्षण देण्यासाठी वापरायची नाही. गल्लोगल्लीच्या क्लासमधून फी घेऊन जे शिकवलं जात होतं ते या अटीत कुठे बसत होतं, हे ज्याचं त्याने तपासावं. मी स्वतः पोस्टग्रेस शिकवतो, त्यामागे या अटीचा वाटा मोठा आहे.

आणि पूर्ण परवाना घ्यायचा म्हणजे काय? ऑरेकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीत माणसं मोजून परवाना घेतला तरी प्रत्येक प्रोसेसरमागे किमान पंचवीस माणसं धरावी लागतात. गाळ्यात बसतात तीन.

मायक्रोसॉफ्टने वेगळा रस्ता धरला. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती म्हणजे सर्वांत महागड्या आवृत्तीतल्या सगळ्या सोयी, फक्त धंद्यात वापरायची बंदी. बरीच वर्षं ती पन्नास डॉलरच्या आसपास मिळायची, परवाना प्रत्येक विकसकामागे. २०१६ च्या मार्चअखेरीस ती फुकट झाली. त्याआधीच, २००५-०६ मध्ये, तिन्ही बड्या कंपन्यांनी छोट्या फुकट आवृत्त्या काढल्या होत्या. ऑरेकलची एक्सप्रेस आवृत्ती सुरुवातीला एक प्रोसेसर, एक जीबी मेमरी आणि चार जीबी डेटा एवढ्यावर थांबायची. पण त्या मर्यादेत धंदाही करा, अशी परवानगी होती. हीच ती दहा एकरांची सवलत.

बंगळूरच्या टॅलीने तर हा प्रश्न इतक्या देशी पद्धतीने सोडवला, की मला त्याचं कौतुक वाटतं. परवाना नसला तरी टॅली शैक्षणिक रूपात चालतं, फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात. वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी हे जाणतो. सगळं शिकता येतं, पण दुकान चालवता येत नाही, कारण गिऱ्हाईक काही एक, दोन आणि एकतीस तारखेलाच येत नाही. चाळीस पानांचा करारनामा जे सांगू शकला नाही, ते तीन तारखांनी सांगितलं.

खरा घोळ होतो तो कच्च्या आणि पक्क्याच्या सीमेवर. नवघर रोडवरच्याच एका गाळ्यातली गोष्ट सांगतो, नावं सगळ्यांचीच गाळून. माझ्या ओळखीच्या एका आगरी मित्राने दोन पोरांना घेऊन भांडी व्यापाऱ्यांसाठी माल आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवलं. बनवताना एका बड्या कंपनीच्या डेटाबेसची विकसकांसाठीची फुकट प्रत वापरली. तिथवर सगळं कायदेशीर. मग पहिला व्यापारी तयार झाला. दिवाळी तोंडावर होती, पोरांनी तीच प्रत त्याच्या दुकानात बसवली. दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, असं करत नऊ दुकानं झाली. दीड वर्षाने एका व्यापाऱ्याला परवान्यांचा तपशील मागणारं इंग्रजी पत्र आलं. व्यापारी भडकला, "मी तुला पैसे दिले ना?" आणि त्याचं बरोबरच होतं. मित्र पत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आम्ही तर फुकटचंच घेतलं होतं. फुकटच्या मालाची चोरी कशी होते?"

मी त्याला एवढंच सांगितलं, की माल फुकट नव्हता, माल शिकायला आणि तपासायला दिलेला होता. लग्नाच्या मांडवात चव बघायला दिलेली वाटी घेऊन कुणी खानावळ काढत नाही. नऊ दुकानांचे परवाने घ्यायचे तर गाळ्याचं दोन वर्षांचं भाडं जात होतं. त्याने दुसरा मार्ग घेतला. साडेतीन महिने रात्री जागून पोरांनी सगळं पोस्टग्रेसवर नेलं. प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी. तारखेचा हिशेब वेगळा, आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची रीत वेगळी, डेटाबेसच्या आत लिहिलेल्या प्रक्रिया तर मुळापासून नव्याने लिहाव्या लागल्या. त्यातल्या एका पोराचा साखरपुडा पुढे ढकलला गेला. पण नऊपैकी आठ दुकानं टिकली.

पोस्टग्रेसचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली झाला. १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक तो पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालवतात. त्याचा परवाना एका पानातही मावतो. शिका, तपासा, धंदा करा, बदला, विका, फक्त मूळ हक्काची ओळ काढू नका आणि काही बिघडलं तर आम्हाला धरू नका. त्यात कच्ची-पक्की असा भेदच नाही. मायएसक्यूएलचा मामला थोडा वेगळा, तिथे खुला परवाना आणि व्यापारी परवाना असे दोन दरवाजे आहेत, आणि २०१० पासून त्याची चावी ऑरेकलकडे आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं, त्याचाही परिणाम झाला.

महाराष्ट्राने या क्षेत्रात फक्त वापर केला असं नाही. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात काढलेल्या पर्सिस्टंट सिस्टम्सच्या नावातच टिकून राहणाऱ्या डेटाची कल्पना आहे. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं केंद्र पुण्यात आहे. आणि जगभर शिकवलं जाणारं 'डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स' हे पाठ्यपुस्तक ज्या तिघांच्या नावावर आहे, त्यांतले एस. सुदर्शन पवईच्या आयआयटीत शिकवतात. त्यांच्या गटाने 'एक्सडेटा' नावाच्या प्रकल्पात आणखी एका प्रश्नाला हात घातला. एसक्यूएलमधली चूक पकडायला नेमका कोणता बनावट डेटा लागतो, तो यंत्रानेच तयार करून द्यायचा.

हा प्रश्न मला परवान्याच्या प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो. कारण गाळ्यागाळ्यांत चाचणीचा डेटाबेस कसा तयार होतो? खऱ्या डेटाबेसची जशीच्या तशी नक्कल मारून. कच्च्या वहीत मग खऱ्या माणसांची नावं, फोन, उधारी सगळं उतरतं. पक्क्या वहीला कुलूप असतं, कच्ची टेबलावर उघडी पडलेली असते. कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरची कच्ची-पक्की इतक्या काटेकोरपणे वेगळी केली, पण लोकांच्या माहितीच्या बाबतीत ही काळजी घ्यायला भाग पाडणारा सर्वंकष कायदा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३ मध्ये आला. माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चाचणीच्या सर्व्हरला त्यातून सूट नाही.

गेल्या महिन्यात त्या मित्राच्या गाळ्यावर गेलो होतो. पोस्टग्रेस झकास चालू आहे, दुकानं आता चौदा झालीत. चाचणीच्या संगणकावर एक यादी उघडी होती आणि तिच्यात नया नगरातल्या दोन ओळखीच्या भांडीवाल्यांची नावं, मोबाइल नंबर आणि थकबाकी दिसत होती. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "या रविवारी काढतो, सर." त्यानंतर चार रविवार होऊन गेले आहेत.